रक्ताचा लाल रंग येतो कुठून?

रक्त लाल का असतं, असं शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा. ‘त्यात लोह असतं म्हणून’ हे उत्तर लगेच मिळतं. कुणी पुढे जाऊन असंही सांगतं की लोखंड गंजलं की तांबूस होतं, रक्तातलं लोहही ऑक्सिजन मिळाल्यावर असंच तांबडं होतं. हे इतकं पटण्यासारखं आहे की मोठी माणसंही त्यावर समाधान मानतात. पण यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा चूक आहे. रक्तातल्या लोहाची अवस्था गंजातल्या लोहासारखी झाली, तर रक्त लाल राहत नाही, चॉकलेटी होतं. आणि फार प्रमाणात झालं तर जिवावर बेततं.

म्हणून हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. रक्ताच्या रंगाची छटा म्हणजे एक खबर असते: या क्षणी रक्तातल्या लोहाने काय धरून ठेवलंय, याची खबर. डॉक्टर ती वाचतात, यंत्रं वाचतात, आणि थोडं समजून घेतलं तर घरबसल्या आपल्यालाही वाचता येते.

आधी एक गोष्ट करून पाहा. रात्री खोलीतले दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट घट्ट टेकवा. टॉर्चचा उजेड पांढरा, म्हणजे त्यात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळेच रंग असतात. बोटातून पलीकडे मात्र लालच तेवढा बाहेर पडतो. बाकीचे रंग वाटेत मुख्यतः रक्ताने शोषून घेतलेले असतात.

कुठल्याही रंगीत वस्तूचं असंच असतं. तिने जे शोषलं ते गेलं; जे उरलं ते आपल्या डोळ्यांपर्यंत आलं. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. त्यातला ४०० कडचा भाग जांभळा-निळा, ५००-५५० चा हिरवा, आणि ६०० च्या पुढे केशरीपासून लालपर्यंत. ऑक्सिजन भरलेलं रक्त सगळ्यात जास्त शोषतं ते ४१५ नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्या टोकाला. त्याखेरीज ५४० आणि ५७७ च्या आसपास, म्हणजे हिरव्या-पिवळ्यात, त्याचे आणखी दोन पट्टे आहेत. ६०० च्या पुढे मात्र हे शोषण एकदम घसरतं. लाल प्रकाश जवळजवळ अडवलाच जात नाही, म्हणून तो उरतो आणि आपल्याला दिसतो.

हे शोषणारं रक्तात नेमकं आहे काय? पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेतलेली, गोठू नये म्हणून औषध घातलेली नळी काही वेळ उभी ठेवली, तर तिच्यात थर पडतात. वर पिवळसर, जवळजवळ पारदर्शक द्रव असतो. तो प्लाझ्मा, आणि रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त भाग हाच. मध्ये पांढरट पातळ थर असतो, पांढऱ्या पेशींचा आणि प्लेटलेट्सचा. तळाशी गडद लाल थर, साधारण ४५ टक्के. सगळा लाल रंग त्या तळाच्या पेशींत असतो. त्या खाली बसल्या की वरचं रक्त लाल राहतच नाही.

गंमत म्हणजे यातली एकच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ती लाल दिसत नाही, फिकट पिवळसर दिसते. तिची जाडी इतकी कमी असते की तिच्यातून जाताना फारच थोडा प्रकाश शोषला जातो. लाखो पेशी एकावर एक आल्या की लाल रंग गहिरा होतो. रक्ताच्या एका बारीकशा थेंबात, म्हणजे एक घन मिलिमीटरमध्ये, या पेशी ५० लाखांच्या घरात असतात. हॉलंडमधल्या लेवेनहुकने स्वतः घासलेल्या भिंगांतून त्यांचं वर्णन केलं ते १६७४ साली.

तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिन भरून ठेवायची जागा. अस्थिमज्जेत तयार होताना ती आपलं केंद्रकसुद्धा बाहेर टाकते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. पेशी जगते १२० दिवसांच्या आसपास; ज्या मरतात त्यांच्या जागी शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या पेशी बनवतं. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या हाडांत एक कोटीच्या आसपास नव्या तांबड्या पेशी तयार झाल्या आहेत.

आता मुख्य मुद्दा. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ग्लोबिन या प्रथिनाच्या चार साखळ्या असतात आणि प्रत्येक साखळीत एक ‘हीम’ असतो. हीम म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं एक सपाट वलय, त्याच्या बरोब्बर मध्यभागी लोहाचा एकच अणू, चार बाजूंनी चार नायट्रोजननी धरलेला. दागिन्यातल्या कोंदणात खडा बसवावा तसा. आपण लाल रंगाचं सगळं श्रेय खड्याला देतो, पण ते मुख्यतः कोंदणाचं आहे.

या वलयाला पॉर्फिरिन म्हणतात. त्यात एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे त्यातले काही इलेक्ट्रॉन एका अणूपाशी अडकून न राहता सबंध वलयभर पसरलेले असतात. असे पसरलेले इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशातली ऊर्जा सहज शोषतात. लहान, साध्या रेणूंना त्यासाठी अतिनील प्रकाश लागतो, म्हणून पाणी, साखर, मीठ यांना रंग नसतो. पॉर्फिरिनला रंग असतो तो त्याच्या या मोठ्या, सलग रचनेमुळे.

याचा पुरावा प्रत्येक गावच्या बाजारात मिळतो. गावठी कोंबडीच्या अंड्याचं तपकिरी कवच घ्या. त्याला रंग देणारं द्रव्य म्हणजे हेच वलय, फक्त मधल्या लोहाशिवाय. लोह नसतानाही रंग आहे, आणि अतिनील दिव्याखाली हे कवच चक्क लाल चमकतं. उलट बाजूने पाहायचं तर झाडाचं पान बघा. पानातल्या क्लोरोफिलमध्येही याच घराण्यातलं, थोडं बदललेलं वलय असतं आणि मध्यभागी लोहाऐवजी मॅग्नेशियम. वलयाची ठेवण बदलली, मधला धातू बदलला, आणि रंग हिरवा झाला. हान्स फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हीमचा जवळचा भाऊ असलेला हेमिन १९२९ साली प्रयोगशाळेत बनवून दाखवला. १९३० चं नोबेल त्याला मिळालं ते हेमिन आणि क्लोरोफिल या दोन्हींवरच्या कामासाठी. रक्त आणि पान यांचं नातं कवितेपुरतं नाही, ते रसायनातलं आहे.

मग लोहाचं काम काय? ते फार मोठं आहे: ऑक्सिजन धरणं, आणि धरलेला सोडणं. यातलं सोडणं जास्त अवघड.

एरवी लोह आणि ऑक्सिजन एकत्र आले की लोह आपला एक इलेक्ट्रॉन कायमचा गमावून बसतं आणि मागे फिरत नाही. गंज हा त्याचाच परिणाम. त्यात लोह, ऑक्सिजन आणि पाणी यांची जाळी तयार होते आणि तिचा तांबूसपणा अगदी वेगळ्या कारणाने येतो. सुटा हीम पाण्यात टाकून ऑक्सिजन दिला तर त्यातलं लोहही असंच बिघडतं. हिमोग्लोबिनमध्ये तसं होत नाही, कारण ग्लोबिनची साखळी हीमभोवती घडी घालून त्याला आडोसा देते. पाणी आत शिरत नाही, दोन हीम एकमेकांना भिडत नाहीत. त्या आडोशात ऑक्सिजन लोहाला येऊन चिकटतो, इलेक्ट्रॉनांची थोडी सरकासरक होते, आणि तो सुटला की लोह पुन्हा पहिल्यासारखं. फुप्फुसात धरायचं, स्नायूंत सोडायचं, परत फुप्फुसात यायचं. चार महिने हेच.

हा आडोसा कसा दिसतो हे कळायला माणसाला फार वाट पाहावी लागली. व्हिएन्नाहून केंब्रिजला आलेल्या मॅक्स पेरुट्झने १९३७ च्या सुमारास हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकायला सुरुवात केली. रेणूची रचना हाती लागली ती १९५९ साली. एकाच रेणूवर वीस-बावीस वर्षं! १९६२ चं नोबेल त्याला आणि जॉन केंड्रूला मिळालं. त्याच्या कामातून दिसलं की ऑक्सिजन नसताना लोहाचा अणू वलयाच्या पातळीपासून किंचित बाहेर आलेला असतो आणि ऑक्सिजन चिकटला की तो वलयाच्या पातळीत ओढला जातो. त्याबरोबर लोहाच्या इलेक्ट्रॉनांची मांडणीही बदलते, आणि ती बदलली की वलय प्रकाश शोषतं त्या तरंगलांब्याही सरकतात. रक्ताची छटा बदलते ती इथे. लाल रंगाचा पाया वलयाने घातला. तो भडक लाल की गडद, हे लोहाच्या हाती काय आहे त्यावर ठरतं.

ही छटा माणसाने ऑक्सिजन माहीत होण्याच्या शंभर वर्षं आधी टिपली होती. रिचर्ड लोअर या इंग्रज डॉक्टरने १६६९ मध्ये लिहिलं की फुप्फुसांत शिरणारं काळपट रक्त बाहेर पडताना भडक लाल होतं, आणि हे हवेमुळे होतं. फुप्फुसांत हवा जाऊ दिली नाही तर रक्त काळपटच राहतं. त्याने आणखी साधी गोष्ट दाखवली: भांड्यात गोठलेल्या रक्ताचा वरचा पृष्ठभाग लाल आणि तळ काळा असतो, तो गोळा उलटा केला की हवेला लागलेला तळही लाल होतो. १८६४ मध्ये जॉर्ज स्टोक्सने रक्ताच्या विरळ द्रावणातून प्रकाश पाठवून हिरव्या-पिवळ्यातले ते दोन काळे पट्टे पाहिले, ऑक्सिजन काढून घेणारं रसायन घातलं, आणि दोन पट्ट्यांच्या जागी एकच रुंद पट्टा उरला. नळी हवेत हलवली की दोन्ही पट्टे परत हजर. त्याच वर्षी जर्मनीत होप-सायलरने या द्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव दिलं.

आता निळ्या रक्ताचा गैरसमज. पुस्तकातल्या चित्रांत हृदयाकडे परतणारं रक्त निळं रंगवतात, मनगटावरच्या शिराही निळसर-हिरव्या दिसतात, त्यामुळे शरीरात रक्त निळं असतं आणि बाहेर हवा लागली की लाल होतं, असं कित्येकांना मनापासून वाटतं. तपासणीसाठी रक्त घेताना सुईकडे बघायचा धीर असेल तर बघा. ते शिरेतूनच घेतात, नळीत हवा जवळजवळ नसते, आणि रक्त येतं ते मरून, गडद. निळं कधीच नाही. शिवाय परतणारं रक्त रिकामंही नसतं. आराम करत असलेल्या माणसाच्या धमनीत हिमोग्लोबिनच्या ९७-९८ टक्के जागा ऑक्सिजनने भरलेल्या असतात, आणि शिरेतून परतताना अजून ७५ टक्क्यांच्या आसपास भरलेल्या असतात. धावायची, जिना चढायची वेळ आली तर लागणारी शिल्लक ती हीच.

मग शीर निळी का दिसते? लाल प्रकाश त्वचेत खोल जातो, शिरेपर्यंत पोचतो आणि तिथे बराचसा शोषला जातो. निळा प्रकाश वरच्यावरच विखरून परत येतो. त्यामुळे शिरेवरून येणाऱ्या प्रकाशात, शेजारच्या त्वचेच्या मानाने, लाल कमी पडतो. कॅनडा आणि जर्मनीतल्या संशोधकांनी १९९६ साली याची मोजमापं केली. शिरेवरून येणाऱ्या प्रकाशात निळा जास्त नसतोच; लाल तेवढा शेजारपेक्षा घटलेला असतो, आणि आपला डोळा शेजारच्या रंगाशी तुलना करून त्याला ‘निळा’ ठरवतो. चित्रातला निळा रंग समजावण्यापुरता ठीक आहे, पण वर्गात ते एकदा तोंडाने सांगायला हवं. तेवढं एक वाक्य सांगितलं जात नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या मुलं निळं रक्त डोक्यात घेऊन मोठी होतात.

याच छटांच्या फरकावर चालणारं एक यंत्र कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलं: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. त्याची चिमटी उघडून आत पाहा. एक लाल दिवा दिसेल, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा. त्याच्याजवळच दुसरा दिवा आहे, पण तो ९४० नॅनोमीटरचा, अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजन भरलेलं रक्त लाल प्रकाश जाऊ देतं आणि अवरक्त जास्त अडवतं; रिकामं रक्त याच्या नेमकं उलट. दोन्हींपैकी किती प्रकाश पलीकडे पोचला याच्या प्रमाणावरून टक्केवारी काढता येते. अडचण अशी की बोटात त्वचा, हाड, शिरेतलं रक्त असं बरंच काही असतं आणि तेही प्रकाश शोषतं. यावरचा तोडगा जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ मध्ये मांडला. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला जे शोषण वर-खाली होतं तेवढंच मोजायचं, कारण ठोक्याबरोबर हलतं ते फक्त धमनीतलं ताजं रक्त. ‘पल्स’ ऑक्सिमीटर हे नाव त्यावरूनच. गडद नेलपॉलिश लावलेल्या बोटावर हे यंत्र चुकू शकतं, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर ते कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. आकडा बरा आणि माणूस धापा टाकतोय, असं असेल तर माणसाकडे बघावं.

पण हे यंत्र एका बाबतीत पुरतं फसतं, आणि ती बाब आपल्याकडे दर हिवाळ्यात माणसं मारते. बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर, बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. ऑक्सिजनच्या जागा तो अडवतो, आणि ज्या जागांवर ऑक्सिजन आहे त्यांनाही तो सहज सोडू देत नाही. असं रक्त दिसतं कसं? चेरीसारखं टवटवीत लाल. माणूस गुदमरत असतो आणि रक्त निरोगी माणसापेक्षा लाल. ऑक्सिमीटरला ६६० नॅनोमीटरवर हे रक्त ऑक्सिजन भरलेल्या रक्तासारखंच दिसतं, म्हणून तो ९८-९९ दाखवत राहतो. जिवंत माणसाच्या त्वचेवर हा लालपणा बहुतेक वेळा दिसतही नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर एवढंच जाणवतं. त्यामुळे गीझर न्हाणीघराबाहेर बसवणं, आत असेल तर खिडकी उघडी ठेवणं, आणि आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर क्षणभरही न थांबता दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणणं, एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवं. दवाखान्यात नेल्यावर गीझरचं नाव आवर्जून सांगा. तिथे रक्ताची वेगळी तपासणी करून हा वायू पकडता येतो.

सुरुवातीला म्हटलं तो चॉकलेटी रंग कधी येतो? आडोसा असूनही रोज थोड्या हिमोग्लोबिनमधलं लोह एक इलेक्ट्रॉन गमावतंच. असं लोह ऑक्सिजन धरू शकत नाही. तांबड्या पेशीत एक विकर (एन्झाइम) असतं, ते हा इलेक्ट्रॉन परत मिळवून देतं, म्हणून निरोगी माणसात हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपासच राहतं. विकर जन्मतः कमी असेल, किंवा काही औषधं, नायट्राइटसारखी रसायनं पोटात गेली, तर प्रमाण वाढतं, रक्त तपकिरी होतं आणि त्वचा निळसर-राखी दिसू लागते. अमेरिकेच्या केंटकी राज्यात ट्रबलसम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी एकोणिसाव्या शतकापासून फ्यूगेट घराणं राहत होतं. आडवळणाची जागा, आपसांतच लग्नं, आणि घरात कित्येक पिढ्या निळ्या रंगाची माणसं जन्माला येत. १९६० च्या दशकात मॅडिसन कॅविन या डॉक्टरने त्यांच्यात या विकराची कमतरता शोधली आणि त्यांना मिथिलीन ब्लू टोचलं. हे औषध स्वतः गडद निळं, पण पेशीत ते इलेक्ट्रॉन पोचवायचं काम करतं. काही मिनिटांत निळी माणसं गुलाबी झाली. कपड्यावर वाळलेला रक्ताचा डाग तपकिरी होतो तोही याच प्रकारे. पेशी मेल्या, दुरुस्ती थांबली.

आणि कोंदणच मोडलं तर? ते पाहायला प्रयोगशाळा नको. मुका मार लागल्यावर जागा आधी लाल होते, मग काळी-निळी. चार-पाच दिवसांनी कडेने हिरवट छटा येते, मग पिवळी, मग सगळं नाहीसं. त्वचेखाली सांडलेलं रक्त शरीर तिथल्या तिथे निस्तरत असतं. हीमचं वलय एका ठिकाणी तोडलं जातं, लोह सुटं करून साठवलं जातं, आणि उघडलेल्या वलयाचं बिलिव्हर्डिन बनतं. ते हिरवं असतं. त्याचं पुढे बिलिरुबिन होतं, ते पिवळं. लोह तर शरीरातच आहे, गेलं कुठेच नाही. वलय तुटलं आणि लाल रंग संपला. रोज मरणाऱ्या तांबड्या पेशींचं बिलिरुबिन यकृतातून आतड्यात उतरतं. शौचाचा तपकिरी आणि लघवीचा पिवळा रंग त्याच्यापासूनच येतो. ते रक्तात साठलं की डोळे पिवळे होतात, त्याला आपण कावीळ म्हणतो.

कुणी म्हणेल, ऑक्सिजन वाहायला लालच रंग लागतो का? अजिबात नाही. घरी खेकडे साफ करताना लाल रक्त दिसत नाही, निघतं ते राखाडी-निळसर पाणी. खेकडा, कोळंबी, माकूल यांच्या रक्तात हिमोसायनिन असतं: तांबं आहे, पण पॉर्फिरिनचं वलय नाही. ऑक्सिजन नसताना ते रंगहीन, असताना निळं. झुरळाच्या रक्तावर ऑक्सिजन वाहायचं काम जवळजवळ नाहीच. हवा बारीक नळ्यांतून थेट पेशींकडे जाते, म्हणून झुरळ चिरडलं तर लाल काही निघत नाही. डास मारल्यावर हाताला लागतं ते आपलंच. उलट गांडूळ लाल असतं, कारण त्याच्यात हिमोग्लोबिनचाच एक भलामोठा प्रकार रक्तद्रवात विरघळलेला असतो. अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या आइसफिशचं रक्त तर पांढरट-पारदर्शक. त्यात तांबड्या पेशीही नाहीत आणि हिमोग्लोबिनही नाही, असं नॉर्वेच्या योहान रूड यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं. शून्याखालच्या पाण्यात ऑक्सिजन इतका विरघळतो, आणि त्या थंडीत माशाची गरज इतकी कमी, की नुसत्या रक्तद्रवावर भागतं. आपलं भागणार नाही. एक लिटर प्लाझ्मात जेमतेम ३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो. हिमोग्लोबिनमुळे एक लिटर रक्त २०० मिलिलिटर नेतं.

म्हणूनच हिमोग्लोबिन कमी पडणं आपल्याला इतकं महागात पडतं. डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघतात, जीभ बघतात, नखं बघतात. तिथली कातडी पातळ असते, खालचं रक्त थेट दिसतं, आणि तो भाग लालसर दिसण्याऐवजी फिका पांढुरका असेल तर शंका घेतात. इथे एक फसगत होते. ऑक्सिजन कमी पडल्यावर ओठ निळे होण्यासाठी रिकाम्या हिमोग्लोबिनचं ठरावीक प्रमाण रक्तात असावं लागतं. ज्याच्या अंगात मुळात हिमोग्लोबिनच फार कमी, त्याचे ओठ ऑक्सिजन धोक्याइतका कमी झाला तरी निळे पडत नाहीत. देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ दरम्यान, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना आणि ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! ज्या घरात बाई सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेलं खाते, त्या घरात हा आकडा कुठून येतो हे विचारायलाही नको.

त्यावर घरगुती उपाय म्हणून लगेच बीट आणि डाळिंब पुढे येतं, कारण ते लाल. पण बीटाचा रंग बीटॅलिन नावाच्या द्रव्याचा आणि डाळिंबाचा अँथोसायनिनचा. रक्ताच्या वलयाशी त्यांचा काही संबंध नाही, आणि लोहही त्यांत बेताचंच. बीट जरूर खा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणाऱ्या आपल्या आज्यांचा हिशोब जास्त बरोबर होता. अळिवात लोह चांगलं असतं. पालेभाज्या, बाजरी, नाचणी, कडधान्यं यांतलं लोह शरीर जरा नाखुशीनेच घेतं. वर लिंबू पिळलं तर जास्त घेतं, आणि जेवणावर लगेच चहा प्यायला तर कमी घेतं. मटण-मासळीतल्या लोहाचा एक भाग हीमच्याच रूपात असतो आणि तो सगळ्यात सहज अंगी लागतो. सरकारी दवाखान्यात गरोदरपणात मिळणारी लोहाची गोळी पोटाला जड वाटते, शौच काळी होते, म्हणून बायका ती मधेच सोडतात. काळी शौच हा न शोषलेल्या लोहाचा परिणाम आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. त्रास होत असेल तर गोळी घ्यायची वेळ किंवा प्रकार बदलून घ्यावा.

मात्र प्रत्येक फिकेपणा लोहाअभावीच असतो असंही नाही. ब-१२ किंवा फोलेट कमी असेल तरी तांबड्या पेशी नीट बनत नाहीत. थॅलेसेमियात ग्लोबिनच्या साखळ्याच पुरेशा तयार होत नाहीत, आणि विदर्भात, नंदुरबारच्या पट्ट्यात दिसणाऱ्या सिकलसेलमध्ये साखळीतलं एक अमिनो आम्ल बदलल्यामुळे पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर मोडतात. अशा माणसाला लोह कमी नसतानाही गोळ्या चालू ठेवल्या तर ते शरीरात साचून अपाय करू शकतं. म्हणून हिमोग्लोबिन कमी आलं की डॉक्टरांना पुढची दोन नावं विचारा: लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी, आणि घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी.